निळी रेषा, लाल रेषा

पावसाळ्याच्या दिवसांत सांगली शहरात नदी फुटांनी मोजली जाते. 1929 साली वाहतुकीस खुल्या झालेल्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी किती फुटांवर आले आहे, हा आकडा आषाढ-श्रावणात पानपट्टीपासून कचेरीपर्यंत सर्वांच्या तोंडी असतो. 40 फुटांना इशारा आणि 45 फुटांना धोका ही दोन मापे तेथील शाळकरी पोरालाही पाठ असतात, आणि कोयनेतून इतके क्युसेक पाणी सोडल्याची वार्ता आली की बाजारपेठेतले व्यापारी कोणी न सांगता तळाचा माल माळ्यावर चढवू लागतात. ऑगस्ट 2019 मध्ये हे पाणी 57 फुटांच्याही वर गेले. त्याच आठवड्यात कोल्हापुरी राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून 55 फुटांपलीकडे पोहोचली, शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन दिवसेंदिवस बंद राहिला, आणि ब्रह्मनाळ गावी पुरातून बाहेर पडणाऱ्या माणसांची नाव उलटून अनेकांना जलसमाधी मिळाली. हा पूर पिढीतून एकदाच येणारा, असे त्या वेळी बोलले गेले. परंतु दोनच वर्षांनी, जुलै 2021 मध्ये, दोन्ही शहरांनी पुन्हा महापूर पाहिला.

पाणी ओसरल्यावर जे काही घडते ते महाराष्ट्रातील प्रत्येक पूरग्रस्त गावाच्या परिचयाचे आहे. तलाठी आणि ग्रामसेवक कागद घेऊन दारोदार फिरतात, भिंतीवर उमटलेली मातकट खूण डोळ्यांनी मापतात, भिजलेली धान्याची पोती, फुगलेली कपाटे, वाहून गेलेली जनावरे यांची नोंद होते, पंचांच्या सह्या होतात, आणि त्या पंचनाम्यावरून सानुग्रह अनुदान किती द्यावयाचे हे ठरते. ही तजवीज आवश्यकच आहे, आणि चिखलातून पायपीट करून ती पार पाडणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांचे श्रम आपण फार थोडे जाणतो. परंतु पंचनाम्याच्या कागदावर एका प्रश्नाला रकाना नसतो: हे घर, हे दुकान, ही शाळा या जागी उभी राहिली ती कोणत्या हिशेबाने, कोणत्या विश्वासावर आणि कोणाच्या परवानगीने? या प्रश्नाचे उत्तर नगररचना खात्याच्या नकाशावरील दोन रेषांत दडलेले आहे, आणि विज्ञान व राज्यकारभार यांची प्रत्यक्ष गाठ पडते ती तेथेच.

या दोन रेषांना आपण पूररेषा म्हणतो. सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल एवढ्या पुराचे पाणी जेथपर्यंत पसरेल ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकेल एवढ्या पुराची ती लाल रेषा. राज्याच्या पाटबंधारे खात्याने 1989 साली परिपत्रक काढून ही पद्धत घालून दिली. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध. तेथे मैदाने, उद्याने, शेती असावी, नवी वस्ती नसावी. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित. तेथे जोते लाल रेषेच्या पातळीहून उंच ठेवणे यांसारख्या अटींवर बांधकामास मुभा. लाल रेषेपलीकडची जमीन पुराच्या दृष्टीने मोकळी. कागदावर हे सारे सुबोध आहे. पण एका बाजूची जमीन बिनशेती होऊन सोन्याच्या मोलाने विकली जाणार आणि दुसऱ्या बाजूची ऊस लावण्यापलीकडे कशासही उपयोगी पडणार नाही, असा निवाडा ज्या रेषेने होतो, ती रेषा कशी आखली जाते हे मात्र तिच्या दोन्ही बाजूंना राहणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसते.

प्रथम त्या ‘शंभर वर्षां’विषयी. शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणजे एकदा येऊन गेला की पुढची नव्याण्णव वर्षे निर्धास्त, असा अर्थ सर्वसामान्य माणूस लावतो, आणि कित्येकदा जबाबदार पदावरील माणसेही लावतात. वास्तविक त्याचा अर्थ एवढाच की कोणत्याही एका वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता शंभरात एक असते, आणि ती दरवर्षी नव्याने तेवढीच असते. कवड्या खेळताना मागच्या डावात कोणते दान पडले हे जसे कवड्यांच्या स्मरणात नसते, तसा मागच्या वर्षीचा पूर नदीच्या स्मरणात नसतो. ज्याने तीस वर्षांच्या कर्जाने घर घेतले त्याने हा हिशेब अवश्य करून पाहावा. घर लाल रेषेच्या नेमके काठावर असेल तर कर्ज फिटेपर्यंत निदान एकदा पाणी दारात येण्याची शक्यता सुमारे 26 टक्के. निळ्या रेषेच्या काठावर असेल तर 70 टक्क्यांहून अधिक. चौघांतील एकाला जे बहुधा भोगावे लागणार, त्याला ‘शतकातून एकदा’ असे म्हणून आपण स्वतःची समजूत घालीत असतो.

आता हा शंभराचा आकडा येतो कोठून? नदीवर ठिकठिकाणी मापन केंद्रे असतात. तेथे प्रत्येक वर्षीचा सर्वांत मोठा विसर्ग नोंदवून ठेवलेला असतो. तीस, चाळीस, क्वचित साठ वर्षांचे असे वार्षिक उच्चांक एकत्र करून जलशास्त्रज्ञ त्यांतून एक गणिती वक्र काढतात आणि तो वक्र पुढे वाढवून, प्रत्यक्षात कधी न पाहिलेल्या पुराचा अंदाज बांधतात. या कामी आजही जगभर जी सूत्रे वापरली जातात, त्यांतील एक प्रमुख सूत्र एमिल युलियुस गुंबेल या जर्मन गणितज्ञाच्या नावाने ओळखले जाते. म्यूनिकमध्ये 1891 साली जन्मलेल्या या मनुष्याचे चरित्र मोठे विलक्षण आहे. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत झालेल्या राजकीय खुनांची एकेक करून मोजदाद त्याने केली, उजव्या गटांनी केलेले शेकडो खून न्यायालयांनी जवळजवळ विनाशिक्षा सोडून दिले हे आकड्यांनिशी सिद्ध केले, आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून हायडेलबर्ग विद्यापीठातील अध्यापनाचा हक्क 1932 साली गमावला. प्रथम फ्रान्स आणि पुढे अमेरिका असा परागंदा होत असताना त्याने नद्यांच्या महापुरांचा हिशेब हाती घेतला, आणि 1958 साली टोकाच्या घटनांच्या संख्याशास्त्रावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. लोकांना नको असलेले आकडे मोजीत राहणे हा त्या विद्वानाचा जन्मभराचा धर्म होता, आणि पूररेषा आखणाऱ्या प्रत्येक अभियंत्याने त्याच्या सूत्राबरोबर हा धर्मही घ्यावा असे मला वाटते.

परंतु गुंबेलच्या सूत्रामागे एक गृहीत आहे, आणि आज सारी अडचण त्या गृहीतापाशी येऊन ठेपली आहे. ते गृहीत असे की, नदीचा स्वभाव बदलत नाही. मागील पन्नास वर्षांत जसा पाऊस पडला आणि जसे पाणी वाहिले, त्याच नियमाने ते पुढील पन्नास वर्षांत वाहील. हवामानशास्त्राने गेल्या दोन दशकांत याच गृहीतावर बोट ठेवले आहे. डॉ. बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1951 ते 2000 या काळातील मध्य भारताच्या पावसाची दैनंदिन नोंद तपासून 2006 साली दाखवून दिले की मोसमी पावसाची एकूण सरासरी फारशी बदललेली नसली, तरी अतिवृष्टीचे प्रसंग वाढत आहेत आणि मध्यम पावसाचे प्रसंग घटत आहेत. म्हणजे सरासरी पाहणाऱ्याला काहीच घडलेले दिसू नये आणि तरीही शेताचा बांध फोडणारा पाऊस अधिक वेळा यावा, अशी ही स्थिती आहे. पुढे 2017 साली पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 ते 2015 या काळाचा अभ्यास करून, मध्य भारतात विस्तृत प्रदेश व्यापणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे आणि त्यांना लागणारी आर्द्रता अरबी समुद्रावरून येत असल्याचे मांडले.

याचे भौतिक कारण शालेय विज्ञानाच्या आवाक्यातले आहे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. हे अधिकचे बाष्प केव्हातरी खाली येते, आणि अनुकूल परिस्थितीत ते एकदमच येते. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरशासकीय हवामान मंडळाने 2021 सालच्या आपल्या अहवालात नमूद केले आहे की, औद्योगिक युगापूर्वी जी अतिवृष्टी दहा वर्षांतून सरासरी एकदा होई, ती पृथ्वी एका अंशाने तापली असता 1.3 पट आणि दोन अंशांनी तापली असता 1.7 पट वेळा होईल. हे जगाच्या भूभागाचे सरासरी अनुमान आहे, एखाद्या खोऱ्याचे भविष्य नव्हे. तथापि सह्याद्रीच्या माथ्यावर ज्यांनी जुलै 2021 मधला तो दिवस पाहिला, जेव्हा महाबळेश्वरी चोवीस तासांत 594 मिलिमीटर पाऊस कोसळला आणि खाली महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर आला, त्यांना या अनुमानाचे गांभीर्य समजावून सांगण्याची गरज नाही.

येथे एक सावधगिरी पाळली पाहिजे. कोणताही एक पूर हवामानबदलाच्या नावे लिहून मोकळे होणे हे शास्त्रालाही धरून नाही आणि न्यायालाही. कृष्णेच्या पुरात धरणांतून पाणी सोडण्याची वेळ, नदीची नागमोडी वळणे आणि मंद उतार, पात्रालगत टाकलेला भराव, बुजवलेले ओढे-नाले, या सर्वांचा वाटा आहे, आणि ‘निसर्गच कोपला, त्याला कोण काय करणार’ असे म्हणण्यात एखाद्या नगरपालिकेची किंवा पाटबंधारे खात्याची सोय असू शकते. किंबहुना हवामानशास्त्राचा खरा उपयोग झालेल्या नुकसानीचा दोष कोणाच्या माथी मारावा यासाठी नसून, पुढे किती धोका पत्करावयाचा हे ठरविण्यासाठी आहे. उद्या शंभर वर्षांचा पूर पन्नास वर्षांचा झाला, तर लाल रेषेच्या काठावरील त्या घराची तीस वर्षांतील शक्यता 26 वरून 45 टक्क्यांवर जाते. नकाशावरची रेषा मात्र जेथे होती तेथेच राहते.

धोका किती पत्करावयाचा हा प्रश्न एखाद्या राष्ट्राने स्वतःला स्पष्ट शब्दांत विचारला, याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण नेदरलँड्सचे आहे. ज्या देशाचा मोठा भूभाग समुद्रसपाटीखाली आहे आणि केवळ बांधांच्या आधारावर कोरडा राहतो, त्या देशात योहान व्हान व्हेन नावाचा सरकारी अभियंता, हे बांध पुरेसे उंच नाहीत असे वर्षानुवर्षे सांगत होता. पदामुळे तोंडाला कुलूप असल्याने त्याने ‘डॉक्टर कॅसांड्रा’ या टोपणनावाने लिहिले. कॅसांड्रा म्हणजे ग्रीक पुराणातील ती राजकन्या, जिची भविष्यवाणी खरी ठरे पण जिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नसे. 31 जानेवारी 1953 च्या रात्री उत्तर समुद्रात वादळ झाले, हुक ऑफ हॉलंड येथे पाणी 3.85 मीटरवर चढले, बांध ठिकठिकाणी फुटले, आणि 1836 माणसे बुडून मेली. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत सरकारने डेल्टा आयोग नेमला आणि त्याच व्हान व्हेनला त्याचा सचिव केले.

या आयोगाने बांध किती उंच करावेत हा प्रश्न अभियंत्यांच्या अंदाजावर सोडला नाही. डाव्हिड व्हान डान्त्सिख या गणितज्ञाने तो असा मांडला: बांध एक मीटरने उंच केला तर खर्च इतका वाढतो, आणि बांध फुटण्याची शक्यता इतकी घटते, फुटल्यास होणारी हानी अमुक, तेव्हा खर्च आणि अपेक्षित हानी यांची बेरीज सर्वांत कमी होईल अशी उंची कोणती? माणसाच्या प्राणांची किंमत पैशांत करता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होते, आणि तरीही बांधाची कोणतीही उंची ठरविताना ती किंमत न बोलता का होईना केलीच जाते, ही गोष्ट त्याच्या गणितामुळे झाकून ठेवणे अशक्य झाले. अखेरीस दाट वस्तीच्या मध्य हॉलंडसाठी दहा हजार वर्षांतून एकदा, झीलंडसारख्या प्रांतांसाठी चार हजार वर्षांतून एकदा आणि नद्यांच्या काठांसाठी पुढे साडेबाराशे वर्षांतून एकदा, असे संरक्षणाचे दंडक ठरले. 1958 साली डेल्टा कायदा झाला, आणि त्या योजनेतील शेवटचे मोठे काम, रॉटरडॅमच्या जलमार्गावरील प्रचंड सरकती दारे, 1997 साली पुरे झाले.

परंतु या कथेचा माझ्या मते अधिक महत्त्वाचा भाग याच्या पुढचा आहे. 1993 आणि 1995 साली ऱ्हाईन व मास या नद्यांनी आपल्या काठांना धमकावले; दुसऱ्या खेपेस अडीच लाख लोकांना घरे सोडून जावे लागले. तेव्हा हिशेब नव्याने झाला, ऱ्हाईनमधून सेकंदाला 15,000 ऐवजी 16,000 घनमीटर पाणी येईल असे धरावयाचे ठरले, आणि हे वाढीव पाणी सामावण्यासाठी बांध आणखी उंच करण्याऐवजी नदीला जागा परत द्यावी, असा निर्णय झाला. नायमेखन शहरासमोर, व्हाल नदीच्या पलीकडच्या तीरावर, बांध सुमारे साडेतीनशे मीटर मागे नेण्यात आला. त्यासाठी पन्नासएक कुटुंबांना घरे सोडावी लागली; त्यांचा विरोध झाला, वाटाघाटी झाल्या, मोबदला ठरला, आणि आज तेथे नदीला दुसरा प्रवाह आहे. पुढे 2017 पासून लागू झालेल्या कायद्याने तर दंडकच बदलला: बांधामागे राहणाऱ्या कोणत्याही नागरिकाला पुराने मृत्यू येण्याची वार्षिक शक्यता लाखात एकाहून अधिक असता कामा नये, असे तो सांगतो, आणि बांधांची ठरावीक मुदतीने फेरतपासणी सक्तीची करतो.

नेदरलँड्सची नक्कल आपण करावी असे मी म्हणत नाही. तो देश लहान, सपाट आणि धनवान आहे. आपल्याकडे कोयनेच्या पाणलोटात जेथे वर्षाला पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेथून काही तासांच्या वाटेवर जत-आटपाडीची कोरडी रानेही आहेत, आणि एकच जिल्हाधिकारी एका मोसमात महापूर आणि टँकर या दोहोंची व्यवस्था पाहतो. घेण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. तेथे धोक्याचा आकडा कायद्यात लिहिलेला आहे, त्याची जबाबदारी निश्चित आहे, आणि तो ठराविक काळाने पुन्हा तपासला जातो. आपल्याकडील 25 आणि 100 हे आकडे परिपत्रकातून आले आणि विकास नियंत्रण नियमावलीत स्थिरावले. पूरमैदानांच्या विभागणीचा नमुना कायदा केंद्र सरकारने 1975 साली सर्व राज्यांकडे धाडला होता. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड यांसारख्या हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच राज्यांनी त्याबरहुकूम कायदे केले, आणि महाराष्ट्र त्यांत नाही. जे परिपत्रकाने येते ते दुसऱ्या परिपत्रकाने शिथिल होऊ शकते, आणि महापुराची आठवण ताजी असते तोवर कडक वाटणारी रेषा पाच कोरडी वर्षे गेली की जाचक वाटू लागते.

ती ज्यांना जाचक वाटते त्यांचेही ऐकले पाहिजे. ज्याच्या सातबाऱ्यावरची दोन एकर जमीन एका सकाळी निळ्या रेषेच्या आत आली, त्याचे आयुष्यभराचे एकमेव भांडवल त्या सकाळी आटले, आणि त्याबद्दल त्याला कोणी पै दिली नाही. नदीकाठच्या झोपडपट्टीत राहणारा मजूर तेथे हौसेने गेलेला नाही. शहरात त्याला परवडणारी तेवढीच जागा होती. त्यामुळे रेषा केवळ शास्त्रशुद्ध असून भागत नाही. निषिद्ध पट्ट्यातील मालकाला हस्तांतरणीय विकास हक्कांचा किंवा रोख मोबदला, आणि बेघर होणाऱ्याला नदीपासून दूर पण कामापासून जवळ घर, ही तजवीज त्याच नकाशाबरोबर आणि त्याच अंदाजपत्रकात आली नाही, तर रेषेविरुद्ध मोर्चा निघणारच, आणि तो अगदीच अन्यायाचा असेल असेही नाही. मात्र मोबदल्याचा खर्च परवडत नाही असे जेव्हा वित्त खाते म्हणते, तेव्हा 2005, 2019 आणि 2021 या तीन महापुरांत वाटलेल्या अनुदानाची, दुरुस्त केलेल्या रस्त्यांची, बंद पडलेल्या कारखान्यांची आणि बुडालेल्या उसाची बेरीज त्याच टिपणीत समोर ठेवली पाहिजे. व्हान डान्त्सिखने केले ते एवढेच.

राज्याने पूररेषेचा स्वतंत्र कायदा करावा. त्यात प्रत्येक रेषेखाली ती कोणत्या वर्षापर्यंतच्या नोंदींवरून आखली हे लिहिणे बंधनकारक असावे. दर दहा वर्षांनी आणि प्रत्येक महापुरानंतर तिची फेरमोजणी व्हावी. आणि पुढील काळात वाढणाऱ्या पावसाचे अनुमान त्या मोजणीत धरले जावे, ही मागणी अवाजवी नाही. पुण्यातील संस्थेत हे विज्ञान आहे, नाशिकच्या जलविज्ञान कचेऱ्यांत नोंदी आहेत, आणि नगररचना खात्यात नकाशे आहेत. त्यांना एका टेबलावर आणण्याचा हुकूम मंत्रालयातूनच निघावा लागेल. तोवर वाचकांपाशी एक साधन आहे. नदीच्या गावात घर किंवा भूखंड घेण्यापूर्वी नगरपालिकेकडून पूररेषेचा दाखला लेखी मागून घ्या, आणि रेषा कोठे आहे एवढेच विचारून थांबू नका. ती कोणत्या साली आखली आणि तिच्या हिशेबात 2019 व 2021 चे पूर धरलेले आहेत की नाहीत, हेही त्याच अर्जात विचारा.